सर कायम होतात

सोळा वर्षं सर विद्यापीठात शिकवत होते, आणि सोळा वर्षं त्यांना एकच प्रश्न विचारला जात होता: कायम कधी होणार? दर वर्षी सुट्टी लागली की त्यांची नेमणूक संपायची आणि सुट्टी संपली की पुन्हा व्हायची, तीही झाली तर. मधले दोन महिने सर स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरायचे. सासरे तर लग्नाच्या बोलणीपासून हा प्रश्न विचारत होते. शेवटच्या आजारपणात त्यांनी जावयाला जवळ बोलावलं. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी मनातलं सांगतील. त्यांनी विचारलं, "काही हललं का तिकडे?" सर म्हणाले, "फाईल वर गेली आहे." ते खरं होतं. फाईल वर गेली होती, आणि वर गेलेली फाईल खाली आल्याचं त्या विद्यापीठात कोणी पाहिलेलं नव्हतं.

सरांचा विषय जुनी हस्तलिखितं. हे काय प्रकरण असतं ते माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, सरांच्या सख्ख्या भावालाही ते कधी कळलं नाही. एका ग्रंथाच्या दहा जुन्या प्रती सापडतात. प्रत्येक प्रत कोणीतरी हाताने उतरवलेली. एकाला डुलकी लागली म्हणून ओळ गळलेली, दुसऱ्याला अक्षर लागलं नाही म्हणून त्याने मनचं घुसडलेलं, तिसरा स्वतःला मूळ लेखकापेक्षा शहाणा समजणारा. या दहा जणांच्या भांडणातून लेखकाने खरं काय लिहिलं होतं ते शोधायचं, हे सरांचं काम. त्यात दोन गोष्टी त्यांच्या अंगात भिनल्या होत्या. एक, प्रत जितकी जुनी तितका तिच्यावर भरवसा जास्त, कारण प्रत्येक नकलेबरोबर चुका वाढतात. आणि दुसरी, चुकीचा वाटला तरी एकही पाठ, म्हणजे एखाद्या प्रतीतला वेगळा शब्द, फेकून द्यायचा नाही. तो पानाखाली बारीक अक्षरात नोंदवून ठेवायचा. आपल्याला कळलं नाही ते पुढच्या कोणाला तरी कळेल.

शेवटच्या वर्षी सरांच्या वर्गात तीन विद्यार्थी होते. त्यातला एक हस्ताक्षर सुधारण्याचा वर्ग समजून आला होता आणि भिडस्त असल्यामुळे तसाच बसून राहिला होता. विभाग बंद झाला. विभागाच्या खोलीत आता झेरॉक्सची दोन मशीनं ठेवली आहेत. म्हणजे नकला करण्याचं काम तिथे अजून चालू आहे, तपासणारा तेवढा गेला.

पंचेचाळिसाव्या वर्षी सर घरी बसले. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दिवसभर उभी राहून लोकांना गोळ्या समजावून द्यायची, घरी आली की हा माणूस खिडकीशी तसाच बसलेला. महिनाभर तिने मूग गिळून पाहिलं. मग एक दिवस म्हणाली, "ते प्रती ताडून बघायला तू कॉम्प्युटरवर काहीतरी लिहिलं होतंस ना? दोन वर्षं घरात दुसरं काही बोलत नव्हतास. तेच कर की."

"ते वेगळं गं. ते माझ्यापुरतं होतं."

"मग आता दुसऱ्यांपुरतं कर."

सरांनी केलं. बाविशीतल्या मुलांबरोबर आठ महिने वर्गात बसले. सुरुवातीला मुलं उठून उभी राहायची, त्यांना वाटायचं हेच शिकवायला आलेत. नंतर नोकरीसाठी अर्ज केले, चाळीसेक. बहुतेक ठिकाणाहून उत्तर आलं नाही. एका मुलाखतीत पोरसवदा साहेबाने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? सर म्हणाले, पन्नाशीत. ती नोकरी मिळाली नाही.

मग एके दिवशी फोन आला. "सर, ओळखलंत का? मी पहिल्या बाकावरची." सरांनी आवाजावरून ओळखलं. ही मुलगी एकच वर्ष त्यांच्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची आणि ते शिंकले तरी लिहून घ्यायची. पुढे ती कॉम्प्युटरकडे वळली. आता एका कंपनीत सात जणांच्या टीमची प्रमुख होती. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. तिने कोणाकोणाकडे शब्द टाकला आणि सरांना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. सहा महिने काम बघणार आणि जमलं तर कायम करणार. तो शब्द सरांनी पत्रावर दोनदा वाचला. या वेळी नाही जमलं तर मागे परतायला जागा नव्हती, झेरॉक्सची मशीनं काही त्यांच्यासाठी सरकणार नव्हती.

त्या ऑफिसात सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे. सर्वांत वरचा मॅनेजर, ज्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, तोसुद्धा 'तू'च. पण पहिल्या बाकावरचीने पहिल्या दिवशी ओळख करून देताना "हे आमचे सर" म्हटलं आणि तेच त्यांचं नाव पडलं. पण 'तुम्ही' काही कोणाला जमेना. त्यामुळे "सर, तू चहा घेणारेस का?" असं एक विचित्र मराठी तिथे तयार झालं. सरांना ते आधी टोचायचं, मग नुसतंच ऐकू यायचं. 'सर, तुम्ही' म्हणणारी एकटी तीच राहिली.

बाकी सरांचे हाल कुत्रा खात नव्हता. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून दोन-दोन वाक्यांत काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं असे. सरांची दोन वाक्यं पार्श्वभूमीतच संपायची. त्यांच्या कोडपेक्षा कोडमधल्या टिपा लांब असायच्या, त्यातही "या मताविषयी खाली पाहा" असलं काहीतरी. इतर मुलं तासाभरात जे उरकायची त्याला सरांना दोन दिवस लागायचे. घरी बायको विचारायची, कसं चाललंय? सर म्हणायचे, शिकतोय. चौथा महिना लागला तरी ते शिकतच होते, आणि कॅप्टन समोरून येताना दिसला की उगाच प्यायच्या पाण्याच्या मशीनकडे वळायचे.

आणि मग ते काम आलं. डोळ्यांच्या एका हॉस्पिटलच्या सहा शाखा होत्या, आणि सहाही शाखांत रुग्णांच्या वेगवेगळ्या नोंदी. एकच माणूस दोन शाखांत जाऊन आला की दोनदा नोंदलेला, कधी तीनदा. कुठे नावात काना जास्त, कुठे जन्मसाल पुढेमागे, कुठे फोन वेगळा. या सगळ्या नोंदी ताडून प्रत्येक माणसाची एकच नोंद करायची होती. टीममधल्या कोणालाच हे किचकट काम नको होतं. सरांनी ते ऐकलं आणि त्यांना हसूच फुटलं. गेल्या दोन वर्षांत ते असं हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. दहा प्रती, एक ग्रंथ. आयुष्यभर दुसरं केलंच काय होतं?

तीन आठवडे सर घरीसुद्धा शीळ घालत होते. त्यांनी लिहिलेला प्रोग्राम नोंदी जुळवायचा, आणि जिथे दोन नोंदींत फरक असेल तिथे एक निवडून दुसरी बाजूला ठेवायचा. फेकायचा नाही. बाजूला ठेवलेल्या माहितीसाठी त्यांनी वेगळा तक्ता केला आणि त्याला नावही 'पाठभेद' असंच दिलं. तो तक्ता कोणी मागितला नव्हता.

त्या कंपनीत एक पक्का नियम होता. कोणाचंही कोड दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जायचं नाही. सरांचं कोड वाचायचं काम पहिल्या बाकावरचीचं. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या टेबलाशी आली.

"सर, एक विचारू? दोन नोंदींत फोन नंबर वेगळा असला तर आपण जुना ठेवतोय?"

"हो. जुनाच ठेवायचा." सरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "त्याचं काय आहे, बस तू. नोंद जितक्या वेळा उतरवली जाते तितक्या चुका तिच्यात शिरतात. पहिल्या वेळी माणूस समोर असतो, कागद बघून सावकाश लिहिलेलं असतं. पुढे काउंटरवर घाई, मागे रांग, सहाचे नऊ होतात. मी दोनशे नोंदी हाताने तपासल्यात. नंतरच्या नोंदींत नावाच्या चुका किती आहेत सांगू?"

त्यांनी सांगितलं. वीस मिनिटं सांगितलं. मधे उठून पांढऱ्या फळ्यावर प्रतींची वंशावळ काढली. कितीतरी दिवसांनी सर शिकवत होते आणि समोर कोणीतरी ऐकत होतं. पहिल्या बाकावरचीने वही उघडली होती. ती लिहून घेत होती.

"कळलं?"

"हो सर." तिने मंजुरीचं बटण दाबलं.

नाव आणि जन्मतारीख यांच्या बाबतीत सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण ज्या लेखकांची वाक्यं त्यांनी जन्मभर जुळवली ते मरून चारशे वर्षं झाली होती, आणि मेलेल्या माणसाचा फोन नंबर बदलत नाही. जिवंत माणसं घर बदलतात, गाव बदलतात, नंबर बदलतात. स्वतः तीनदा घर बदललेल्या सरांच्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नाही. 

सोमवारी प्रोग्राम चालला. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर रुग्णांना तपासणीची वेळ आपोआप कळवायचं: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक शाखेत या. मंगळवारपासून ते निरोप हजारो लोकांच्या जुन्या नंबरांवर जाऊ लागले. बुधवारी तक्रारी येऊ लागल्या. गुरुवारी फोन इतके वाजू लागले, की कॅप्टनने सगळ्या टीमला कानाला हेडफोन लावून बसवलं.

सरांनीही लावला. सुरुवातीचे फोन असे होते की एरवी हसायला आलं असतं. एका गृहस्थाला त्याच्या जुन्या घरमालकाच्या मोतीबिंदूची तारीख कळवली गेली होती आणि तो म्हणत होता, त्या माणसाला काही दिसायला नको तेच बरं. एक आजी तक्रार न करता अर्धा तास बोलल्या. सर प्रत्येकाची माफी मागत होते आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडचं पाणी पळत होतं, कारण कुठे काय चुकलं ते त्यांना दुसऱ्याच फोनला कळलं होतं.

बाराच्या सुमारास एका शाखेतून फोन आला. काउंटरवरच्या बाई बोलत होत्या.

"सॉफ्टवेअरवाले ना? आमच्या एका पेशंटचा जुना नंबर कसा काय लागला परत?"

"बाई, आमच्याकडून चूक झाली आहे. आम्ही दुरुस्त करतोय."

"अहो, तो नंबर तिच्या नवऱ्याकडे असतो आता. ती दोन वर्षं झाली त्याला सोडून आलीय. कुठे राहते ते माहेरीसुद्धा एका बहिणीशिवाय कोणाला ठाऊक नाही. आज अकराला तिची वेळ होती. साडेदहालाच तो येऊन बसला इथे. छान कपडे घालून. मला म्हणाला, मिसेसची वाट बघतोय."

"मग?" सरांनी विचारलं.

"तिला आम्ही कार्डावर तारीख लिहून दिली होती, म्हणून आली ती. दाराच्या काचेतून तिने त्याला बघितलं आणि मागच्या मागे गेली. मी धावले, पण रस्त्यावर दिसली नाही. मी फोन लावायला गेले तर स्क्रीनवर त्याचाच नंबर."

"त्याने काही केलं का?"

"काही नाही केलं. एकपर्यंत बसेन म्हणतोय." बाई पुढे म्हणाल्या, "दोन वर्षांत तिने नवा नंबर कोणालाही दिला नव्हता. इथे दिला होता. मी स्वतः लिहून घेतला होता, सावकाश, दोनदा विचारून. तिला काचबिंदू आहे हो. डोळ्यातला दाब वेळच्या वेळी मोजला नाही तर नजर जाते, आणि गेलेली परत येत नाही. आता ती इथे पाऊल टाकणारे का?"

 सरांनी "मी बघतो" म्हटलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. काय बघणार होते, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पहिल्या बाकावरचीला त्यांनी जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली. म्हणाली, "सर, मला शंका आली होती. म्हणून तर विचारलं मी."

"मग पुढे का नाही बोललीस?"

"तुम्ही शिकवायला लागलात," ती म्हणाली, "आणि मी लिहून घ्यायला लागले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर सरांना बरं वाटलं असतं.

दुरुस्ती मात्र एका दुपारात झाली. सगळे नवे नंबर सरांच्या त्या कोणी न मागितलेल्या पाठभेदांच्या तक्त्यात जसेच्या तसे पडून होते. ते उचलून जागच्या जागी ठेवायला दोन तास पुरले. ऑफिसचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याला सोडून आलेल्या त्या बाईचाही नंबर परत मिळाला. काउंटरवरच्या बाईंनी लगेच लावून पाहिला. तो बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद, तिसऱ्या दिवशीही.

सोमवारी कॅप्टनने बैठक घेतली. सर रात्रभर मनातल्या मनात वाक्यं जुळवून आले होते. ते उभे राहिले. "ही चूक माझी आहे. माझ्या समजुतीची आहे. मी शुद्धिपत्र लिहून आणलंय, ते वाचून दाखवतो."

"सर, तू बस," कॅप्टन प्रेमाने म्हणाला. "आपल्याकडे आपण कोणाची चूक शोधत नाही. आपली पद्धत कुठे कमी पडली ते शोधतो."

"पण पद्धत बरोबर होती. मीच..."

"सर, हे असं पर्सनली नाही घ्यायचं."

मग फळ्यावर तीन मुद्दे लिहिले गेले: तपासणीची यादी वाढवणे, फोन नंबरासाठी वेगळा नियम, नमुना नोंदींवर आधी चाचणी. सगळे बरोबर होते. त्यात ती बाई कुठेच नव्हती, तिची जागा त्या फळ्यावर असूच शकत नव्हती. शेवटी कॅप्टनने सरांच्या पाठभेदांच्या तक्त्याचं कौतुक केलं. तो नसता तर कंपनीने ते हॉस्पिटल गमावलंच असतं, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. विद्यापीठात सोळा वर्षांत त्यांच्या एकाही टिपेला कोणी टाळी दिली नव्हती.

सर खाली मान घालून घरी आले. बायकोने ऐकून घेतलं. तिच्या कपाळावर आठी आली ती गेली नाही.

"मला एकदा विचारायचंस," ती म्हणाली. "आमच्या दुकानात महिन्यातून एखादी तरी येते. जुना नंबर काढून टाका म्हणते. कारण नाही सांगत, आणि आम्हीही विचारत नाही."

"तिचा पत्ता आहे नोंदीत. मी जाऊन भेटू? नुसतं सांगायला, की आता सगळं दुरुस्त आहे, तपासणीला या. दुसऱ्या शाखेत जा हवं तर. माफी तरी मागतो."

"एक अनोळखी पुरुष तिच्या दारात जाऊन उभा राहणार. तिने कोणाला न दिलेला पत्ता हातात घेऊन."

"मी काय त्याच्यासारखा आहे?"

"तिला काय माहीत तू कसा आहेस?"

सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. काउंटरवरच्या बाईंना मात्र ते दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचे. आली का? नाही. फोन? बंद. पुढे पुढे बाई फोन उचलल्या उचलल्या 'नाही' म्हणायच्या, आणि मग एकदा म्हणाल्या, "सर, तुम्ही चांगले आहात, पण मला रोज साठ पेशंट बघायचे असतात." बायकोने सांगितलं होतं ते सरांना पटलं होतं, आणि पटल्यामुळे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ते ऑफिसात जायचे, दिलेलं काम करायचे, सकाळच्या बैठकीत आता खरोखर दोनच वाक्यं बोलायचे. मुलांना वाटलं, सर तयार झाले.

सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी सकाळी पत्र आलं. सर कायम झाले होते. कॅप्टनने येऊन पाठीवर थाप मारली, कोणीतरी केक आणला. सरांनी बायकोला फोन केला. ती दुकानात होती, मागे गिऱ्हाइकांचा आवाज होता.

"झालो," सर म्हणाले.

"कायम?"

"कायम."

ती म्हणाली, "बाबा असते तर..." आणि तिला रडू आलं. सरांनाही यायला हवं होतं. ते फोन धरून नुसते उभे राहिले.

दुपारी पहिल्या बाकावरची त्यांच्या टेबलाशी आली. हातात एक छापील कागद होता. त्या बाईच्या बहिणीने शाखेत येऊन अर्ज दिला होता. बाईची स्वतःची सही होती आणि मजकूर चारच ओळींचा होता: माझ्याबद्दलची सगळी माहिती काढून टाकावी. नाव, पत्ता, नवेजुने सगळे नंबर, तपासण्या. काहीही ठेवू नये. रुग्णाला तसं मागायचा हक्क होता आणि हॉस्पिटलने अर्ज मान्य केला होता.

"मी दुसऱ्या कोणाला सांगते, सर. तुम्ही नका करू."

"तपासण्यांची छापील प्रत दिली का बहिणीला?"

"काउंटरवरच्या बाई देत होत्या. तिने घेतली नाही. बाईचा नवरा आपल्या घरी येऊन शोधाशोध करतो, म्हणाली. स्वतःचा नंबर-पत्ताही ठेवला नाही तिने."

"मग पुढे ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली तर दाखवणार काय?"

पहिल्या बाकावरचीने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.  सर म्हणाले, "मीच करतो. पाठभेदांत तिचं काय काय आहे ते मलाच माहीत आहे."

काम लहान होतं. सरांनी तासाभरात लिहिलं. मुख्य नोंद, सहा वर्षांच्या तपासण्या, आणि त्यांच्या स्वतःच्या तक्त्यातला बाजूला ठेवलेला नंबर. पहिल्या बाकावरची शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एका ओळीवर ती थांबली.

"सर, दाबाचे आकडेसुद्धा?"

"तिने सगळं म्हटलंय."

तिने मंजुरी दिली आणि उठून गेली. काढायचं ते बरोबर तेच आहे ना हे बघायला सरांना एकदा ती नोंद उघडावी लागली. डोळ्यातल्या दाबाचे सहा वर्षांचे आकडे एकाखाली एक होते. चार वर्षं सोळा, सतरा, सोळा. मग ती घर सोडून आली त्या सुमारास अठरा. आणि गेल्या खेपेला, त्या गुरुवारच्या सहा आठवडे आधी, डाव्या डोळ्यात सव्वीस. समोर डॉक्टरांनी घाईत लिहिलं होतं: औषध बदलायचं, पुढच्या वेळी नक्की. सर सव्वीस या आकड्याकडे पाहत राहिले. तिला तो सांगितला होता की नाही, ते नोंदीत नव्हतं. पुढच्या वेळी सांगू असं डॉक्टर म्हणाले असतील, पुष्कळदा तसं म्हणतात. सरांनी दोनदा हात मागे घेतला, मग बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: एक नोंद काढली. त्यांनी तिचं नाव घालून पुन्हा शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. पत्ता नाही, नवा नंबर नाही, जुना नाही. तो सव्वीसचा आकडा आता एकट्या सरांच्या डोक्यात होता, आणि तिला तो कळवायची एकही वाट त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती.